उपग्रह प्रतिमेचे बँड आणि पडद्यावरचे रंग : क्यूजीआयएसमध्ये उजनीच्या प्रतिमेवर सविस्तर मार्गदर्शन

'४-३-२ लाव, पिकं लाल दिसतील', म्हणजे उपग्रह प्रतिमेचे ४, ३ आणि २ क्रमांकाचे बँड पडद्यावरच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांना दे, हा सल्ला अमेरिकेच्या लँडसॅट-५ उपग्रहासाठी बरोबर आहे, आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहावरच्या लिस-३ कॅमेऱ्यासाठीही बरोबर आहे, आणि लँडसॅट-८ किंवा युरोपच्या सेंटिनेल-२ साठी साफ चुकीचा आहे. तिथे ४-३-२ लावलं की आपल्या डोळ्यांना दिसतो तसा नैसर्गिक रंग येतो. आकडे तेच, क्रम तोच, चित्र वेगळं. नव्याने शिकणाऱ्यांचे निम्मे गोंधळ इथेच सुरू होतात. आकडे पाठ होतात, पण त्या आकड्यामागे प्रकाशाचा कोणता पट्टा आहे, हे कुणी सांगत नाही.

या लेखात सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी जलाशयाच्या परिसराची एक सेंटिनेल-२ प्रतिमा घेऊ आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिचे बँड रंगांना जोडू. उजनी निवडायचं कारण सरळ आहे. खोल पाणी, गढूळ पाणी, जलपर्णी, ऊस, नांगरलेली काळी माती आणि माळरान हे सगळं तिथे एका चौकटीत मिळतं. बँड बदलले की यातली प्रत्येक गोष्ट वेगळी वागते, त्यामुळे आपण नेमकं काय केलं ते लगेच कळतं. सॉफ्टवेअरमधली मेन्यूंची नावं इंग्रजी आवृत्तीत दिसतात तशीच देवनागरीत दिली आहेत.

पडद्याला तीनच रंग कळतात

तुमच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनलचा बनलेला असतो आणि प्रत्येक चॅनलला ० ते २५५ एवढीच किंमत घेता येते. उपग्रहाच्या फाइलमध्ये मात्र अनेक बँड असतात. एक बँड म्हणजे आकड्यांचा एक तक्ता: जमिनीच्या प्रत्येक चौकोनातून प्रकाशाच्या ठराविक पट्ट्यात किती उजेड परत आला, त्याची नोंद. बँडला स्वतःचा रंग नसतो. 'लाल बँड' म्हणजे ६६५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाचं मोजमाप. ते पडद्यावर लाल रंगातच दाखवलं पाहिजे असा नियम नाही. ते आपण ठरवतो.

सेंटिनेल-२ च्या कॅमेऱ्यात १३ बँड आहेत. त्यातले तीन निवडून क्रमाने लावायचे तर १३ × १२ × ११ म्हणजे १७१६ प्रकार होतात. रोजच्या कामात त्यातले पाच-सहाच उपयोगी पडतात.

म्हणजे ठरवायच्या गोष्टी दोन. कोणता बँड कोणत्या चॅनलला द्यायचा, ही पहिली. त्या बँडमधले कोणते आकडे काळे आणि कोणते पूर्ण उजळ मानायचे, ही दुसरी. पहिल्याबद्दल सगळे बोलतात. दुसरीकडे दुर्लक्ष होतं, आणि मी पाहिलेले बहुतेक फसलेले नकाशे दुसरीमुळे फसलेले आहेत.

आकडे उपग्रहागणिक बदलतात

हे एकदा नीट पाहून ठेवा. सेंटिनेल-२ मध्ये बी-२ निळा, बी-३ हिरवा, बी-४ लाल, बी-८ निअर इन्फ्रारेड (लालच्या लगेच पुढचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश), आणि बी-११ व बी-१२ शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड (त्याच्याही पुढचा). लँडसॅट-८ आणि ९ मध्ये निळा २, हिरवा ३, लाल ४ इथपर्यंत तसंच आहे, पण निअर इन्फ्रारेड ५ वर आहे आणि शॉर्टवेव्हचे दोन बँड ६ आणि ७. लँडसॅट-५ आणि ७ मध्ये मोजणी एकाने मागे आहे: निळा १, हिरवा २, लाल ३, निअर इन्फ्रारेड ४, शॉर्टवेव्ह ५ आणि ७, मधला ६ हा उष्णतेचा बँड. लँडसॅट-८ मध्ये किनारपट्टी आणि हवेतल्या धुळीच्या अभ्यासासाठी सुरुवातीला एक नवा बँड आला आणि बाकीचे पुढे सरकले. इंटरनेटवरची जुनी ट्यूटोरियल्स २०१३ च्या आधीची असतील, तर त्यातले आकडे लँडसॅट-५ आणि ७ चे असतात.

इस्रोच्या लिस-३ मध्ये आणखी एक पेच आहे. त्यात निळा बँडच नाही. बँड २ हिरवा, ३ लाल, ४ निअर इन्फ्रारेड, ५ शॉर्टवेव्ह. चारही बँड २३.५ मीटरचे, म्हणजे प्रतिमेतला एक चौकोन जमिनीवर २३.५ मीटर रुंद. लिस-४ मध्ये तर २, ३ आणि ४ हे तीनच बँड, पण ५.८ मीटरचे. खरा नैसर्गिक रंग यातून मिळतच नाही. हिरवा आणि निअर इन्फ्रारेड मिसळून कृत्रिम नैसर्गिक रंग तयार करता येतो, पण तो अंदाज असतो, नोंद नव्हे.

पेच इथे संपत नाही. लिस-३ च्या चार फाइल जोडून एक फाइल केली की त्या फाइलमध्ये बँडना १, २, ३, ४ असे नवे क्रमांक मिळतात. उपग्रहाचा बँड ४ आता फाइलचा बँड ३ झाला. '४-३-२' हा सल्ला वाचून तुम्ही फाइलमधले ४, ३, २ लावले, तर प्रत्यक्षात शॉर्टवेव्ह, निअर इन्फ्रारेड आणि लाल लागतात. पिकं लाल दिसण्याऐवजी हिरवी दिसतात आणि माणूस गोंधळतो. म्हणून आकडा वाचला की आधी विचारा: हा उपग्रहाचा आकडा की फाइलचा?

पायरी १ : प्रतिमा मिळवणं

सेंटिनेलच्या प्रतिमा देणाऱ्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर मोफत खातं उघडा, उजनीचा परिसर शोधा आणि लेव्हल-२ए ची प्रतिमा घ्या. लेव्हल-२ए मध्ये वातावरणाचा परिणाम वजा केलेला असतो. निळ्या बँडमधला धुरकटपणा त्यामुळे बराच कमी होतो. महिना एप्रिलचा घ्या. आकाश निरभ्र असतं, जिरायत रानं मोकळी असतात, बागायती ऊस तेवढा हिरवा असतो आणि जलाशय आटत चाललेला असतो. फरक ठळक दिसायला याहून चांगला काळ नाही.

झिप उघडल्यावर 'ग्रॅन्युल' फोल्डरच्या आत 'इमेज डेटा' आणि त्यात १०, २० आणि ६० मीटरचे तीन फोल्डर मिळतील. प्रत्येक बँडची स्वतंत्र जेपी२ फाइल असते. तिथेच 'टीसीआय' नावाचीही एक फाइल दिसेल. ते आयतं बनवलेलं नैसर्गिक रंगाचं चित्र आहे, ० ते २५५ मध्ये बसवलेलं. झटकन नजर टाकायला चांगलं, पण त्यात इन्फ्रारेड नाही आणि मूळ मोजमापही नाही. मोजणीसाठी ते वापरू नका.

पायरी २ : बँड एका फाइलमध्ये आणणं

१० मीटरच्या फोल्डरमधले बी०२, बी०३, बी०४ आणि बी०८ क्यूजीआयएसमध्ये उघडा. मग 'रास्टर' मेन्यूतून 'मिसलेनियस' आणि तिथून 'बिल्ड व्हर्च्युअल रास्टर'. व्हर्च्युअल रास्टर म्हणजे मूळ फाइल जागच्या जागी ठेवून त्यांचा पत्ता सांगणारी छोटी फाइल. डिस्कवर जागा खात नाही. इथे तीन गोष्टी बघा.

'प्लेस ईच इनपुट फाइल इन्टु अ सेपरेट बँड' या चौकटीत खूण हवी. ती नसेल तर सॉफ्टवेअर चारही फाइल एकाच बँडमध्ये एकावर एक रचतं आणि तुम्हाला एकच करडं चित्र मिळतं.

'रिझोल्यूशन' या पर्यायात आपसूक 'ॲव्हरेज' निवडलेलं असतं. सगळे बँड १० मीटरचे असतील तर काही बिघडत नाही. पण १० आणि २० मीटरचे बँड मिसळलेत तर सरासरी निघते आणि मूळ चौकोनांशी जुळणार नाही अशी विचित्र जाळी तयार होते. मिसळायचेच असतील तर 'हायेस्ट' निवडा. त्याने २० मीटरचा बँड १० मीटरचा होत नाही हे लक्षात असू द्या. एकाच चौकोनाच्या चार प्रती होतात, इतकंच.

तिसरी गोष्ट म्हणजे क्रम. यादीतल्या फाइल ज्या क्रमाने आहेत, त्याच क्रमाने बँडना आकडे मिळतात. यादीतली नावं माउसने ओढून वरखाली करता येतात. नावांच्या अक्षरक्रमावर विसंबू नका. सेंटिनेलच्या २० मीटरच्या फोल्डरमध्ये बी८ए ही फाइल बी१२ च्याही नंतर येते, कारण अक्षरक्रमात '८' हा '१' च्या मागे लागतो. लँडसॅटमध्ये उलटं: बी१ नंतर बी१० आणि बी११ येतात आणि मग बी२. क्रम न बघता जोडलं तर लँडसॅटच्या फाइलमधला बँड २ निळा नसून उष्णतेचा निघतो.

आपल्या फाइलमध्ये आता बँड १ निळा, २ हिरवा, ३ लाल, ४ निअर इन्फ्रारेड. लेयरचं नाव बदलून त्यातच हे लिहून ठेवा: 'उजनी एप्रिल, १ नि २ हि ३ ला ४ निइ'. सहा महिन्यांनी फाइल उघडाल तेव्हा हीच ओळ कामाला येईल.

पायरी ३ : रंग लावण्याआधी आकडे तपासा

हे काम दोन मिनिटांचं आहे आणि ते कुणीच करत नाही. 'आयडेंटिफाय' साधन घ्या आणि धरणाच्या भिंतीजवळ खोल पाण्यावर क्लिक करा. पाणी निअर इन्फ्रारेड जवळपास पूर्ण शोषून घेतं, त्यामुळे चौथा आकडा चौघांत सगळ्यात लहान असला पाहिजे. आता नदीकाठच्या दाट उसावर क्लिक करा. पान लाल आणि निळा प्रकाश शोषतं, हिरवा थोडा परत पाठवतं आणि निअर इन्फ्रारेड भरपूर उधळतं. आकडे साधारण १३००, १६००, १४००, ४८०० अशा धर्तीचे दिसतील. उसात चौथा आकडा तिसऱ्याच्या तिप्पट-चौपट नसेल, तर एक तर ते हिरवं रान नाही, नाही तर बँडचा क्रम चुकला आहे. कुणाकडून आलेली, कसलीही माहिती नसलेली फाइलसुद्धा याच कसोटीने ओळखता येते.

पायरी ४ : नैसर्गिक रंग

लेयरवर दोनदा क्लिक करून 'सिम्बॉलॉजी' उघडा. 'रेंडर टाइप' मध्ये 'मल्टिबँड कलर'. खाली रेड बँड, ग्रीन बँड आणि ब्लू बँड अशा तीन जागा दिसतात. क्यूजीआयएस आपसूक १, २, ३ भरून ठेवतं, म्हणजे लालच्या जागी आपला निळा बँड आणि निळ्याच्या जागी लाल. तांबूस माळरान निळसर दिसतंय असं कधी वाटलं, तर कारण जवळजवळ नेहमी हेच असतं. लालला ३, हिरव्याला २, निळ्याला १ द्या.

तुमच्या फाइल नेहमी याच क्रमाने येत असतील तर 'सेटिंग्ज', 'ऑप्शन्स', 'रेंडरिंग' आणि 'रास्टर' इथे जाऊन हे आपसूक आकडे कायमचे बदलता येतात.

नैसर्गिक रंगाला काही जण कमी लेखतात. मला ते पटत नाही. पाण्याचा रंग हाच प्रश्न असेल तेव्हा दृश्य प्रकाशाचे बँडच उत्तर देतात. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. ते गुलाबीपण उपग्रहातून तसंच बघायचं, तर लाल, हिरवा, निळा असेच बँड लावावे लागतात. शिवाय गावकऱ्यांसमोर किंवा ग्रामसभेत नकाशा ठेवायचा असेल, तर लोकांना आपला मळा, आपला ओढा ओळखता आला पाहिजे.

पायरी ५ : फॉल्स कलर, म्हणजे लाल ऊस

आता लालला ४, हिरव्याला ३, निळ्याला २ द्या. उपग्रहाच्या भाषेत हे ८-४-३. नकाशा एका क्षणात बदलतो. भीमेच्या दोन्ही काठांनी आणि कालव्यांच्या बाजूने उसाचे फड गडद लाल होतात, मोकळी रानं करडी-निळसर, खोल पाणी काळं.

हा संकेत उपग्रहांच्या आधीचा आहे. १९४० च्या दशकात लष्कराने खऱ्या झाडीत लपवलेल्या, हिरवा रंग दिलेल्या वस्तू ओळखण्यासाठी इन्फ्रारेडला संवेदनशील रंगीत फिल्म वापरली. तिच्यात इन्फ्रारेड लाल, लाल हिरवा आणि हिरवा निळा उमटायचा. जिवंत पान लाल, रंगवलेलं कापड वेगळं. भारतात १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळात हेलिकॉप्टरमधून अशाच फिल्मवर नारळबागांचे फोटो घेऊन रोगट झाडं शोधण्याचा प्रयोग झाला. आपल्याकडच्या रिमोट सेन्सिंगची सुरुवात तिथून मानली जाते. आपण आज ८-४-३ लावतो तेव्हा त्या फिल्मचीच मांडणी पुढे चालवतो.

उजनीवर ही मांडणी खरी कामाची ठरते ती जलपर्णीसाठी. नैसर्गिक रंगात जलपर्णी हिरवी, शेवाळलेलं पाणीही हिरवट आणि काठचं गवतही हिरवं. तिन्ही एकमेकांत मिसळतात. फॉल्स कलरमध्ये जलपर्णीची पानं पाण्यावर उघडी असल्यामुळे काळ्या पाण्यावर लखलखीत लाल ठिगळं दिसतात. पाण्यात मिसळलेलं शेवाळ तितकं लाल होत नाही, कारण त्याच्यावरचं पाणी इन्फ्रारेड गिळतं. गाळाचं पाणी फिकट निळसर दिसतं. वरच्या अंगाला, नदी जिथे जलाशयाला मिळते तिथे, हे तिन्ही प्रकार जवळजवळ सापडतात. तिथे झूम करून सावकाश बघा.

पायरी ६ : शॉर्टवेव्ह कधी घ्यायचा

फॉल्स कलरमध्ये एक अडचण राहते. ओली काळी माती आणि उथळ पाणी दोन्ही गडद दिसतात आणि आटलेल्या जलाशयाच्या काठावर सीमारेषा नेमकी कुठे, ते कळत नाही. तिथे शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड घ्या. पाणी तो जवळजवळ पूर्ण शोषतं. कोरडी माती, अगदी काळीसुद्धा, त्यातला बराच भाग परत पाठवते.

२० मीटरच्या फोल्डरमधून बी०४, बी८ए आणि बी१२ या तीन फाइल याच क्रमाने जोडा. तिन्ही २० मीटरच्या असल्याने जाळीचा प्रश्न येत नाही. लालला ३, हिरव्याला २, निळ्याला १ द्या; उपग्रहाच्या भाषेत १२-८ए-४. हिरवं रान आता हिरवंच दिसतं, मोकळी माती तपकिरी-गुलाबी, पाणी गडद आणि काठ स्पष्ट. तोडणीनंतर जिथे पाचट जाळलं असेल, ती रानं काळपट तांबडी उठून दिसतात, कारण जळालेल्या जागी निअर इन्फ्रारेड घसरतो आणि शॉर्टवेव्ह चढतो. वणवा लागलेल्या डोंगरांसाठीही हीच मांडणी पहिल्यांदा लावून बघावी.

पायरी ७ : स्ट्रेच, म्हणजे उरलेलं अर्धं काम

सेंटिनेलचे आकडे हजारांत, पडदा ० ते २५५ मध्ये. मधलं रूपांतर 'मिन' आणि 'मॅक्स' या दोन आकड्यांवर ठरतं. मिन आणि त्याखालचं सगळं काळं, मॅक्स आणि त्यावरचं सगळं पूर्ण उजळ, मधलं प्रमाणात.

क्यूजीआयएस हे आकडे स्वतः काढतं. 'क्युम्युलेटिव्ह काउंट कट' मध्ये २ ते ९८ टक्के असतं, म्हणजे दोन्ही टोकांचे दोन-दोन टक्के चौकोन सोडून उरलेल्यांवर रंग पसरायचा. पहिल्या नजरेसाठी हे उत्तम आहे. अडचण तुलनेत येते. चित्रात ढग आले की मॅक्स वर सरकतो आणि सगळी जमीन अंधारते. 'स्टॅटिस्टिक्स एक्स्टेंट' मध्ये 'अपडेटेड कॅनव्हास' असेल तर नकाशा सरकवला की रंगही बदलतात. एकच शेत एका क्षणी फिकट लाल, पुढच्या क्षणी गडद. अशा दोन स्क्रीनशॉटवरून 'यंदा पीक कमी आहे' असं म्हणणं म्हणजे शेतकऱ्यावर अन्याय आहे.

तुलना करायची असेल तर मिन आणि मॅक्स हाताने लिहा आणि दोन्ही तारखांना तेच ठेवा. त्यासाठी आकड्यांचा अर्थ माहीत हवा. सेंटिनेल-२ मध्ये परावर्तन १०,००० ने गुणलेलं असतं, ०.३० म्हणजे ३०००. पण २५ जानेवारी २०२२ पासून नव्या प्रक्रियेत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. त्यामुळे नव्या प्रतिमेत शून्य परावर्तन म्हणजे १००० आणि ०.३० म्हणजे ४०००. जुनी आणि नवी प्रतिमा शेजारी ठेवली आणि हे विसरलं, तर नवी फिकी, दुधाळ दिसते आणि दोष उगाच हवेतल्या धुळीला जातो. नुसत्या तारखेवर जाऊ नका, कारण जुन्या प्रतिमांवरही नव्याने प्रक्रिया झालेली आहे. फोल्डरच्या नावात 'एन' या अक्षरानंतर चार आकडे असतात. ते ०४०० किंवा त्याहून मोठे असतील तर १००० मिळवलेले आहेत.

माझी मांडणी अशी. नैसर्गिक रंगात तिन्ही चॅनलना एकच मर्यादा: १००० ते ४०००. प्रत्येक चॅनलला वेगळी दिली तर रंगांचा तोल जातो; तांबडी माती करडी होते. फॉल्स कलरमध्ये लाल आणि हिरव्या बँडना १००० ते ४००० आणि निअर इन्फ्रारेडला १००० ते ६०००, कारण दाट उसात तो सहज ४५०० च्या पुढे जातो आणि मर्यादा कमी ठेवली तर जोमदार आणि मध्यम पीक सारखंच लाल दिसतं. जुन्या प्रक्रियेच्या प्रतिमांत या सगळ्यांतून १००० वजा करा.

लँडसॅट-८ आणि ९ च्या कलेक्शन-२, लेव्हल-२ प्रतिमांचं गणित वेगळं आहे. तिथे आकड्याला ०.००००२७५ ने गुणून त्यातून ०.२ वजा करायचे असतात. म्हणजे शून्य परावर्तन साधारण ७३०० वर आणि ०.३० साधारण १८,२०० वर. हेच दोन आकडे मिन आणि मॅक्समध्ये लिहिलेत, तर सेंटिनेलच्या नैसर्गिक चित्राशी जवळचं जुळेल.

प्रतिमेच्या कडेला काळा त्रिकोण दिसत असेल तर तो भाग उपग्रहाने टिपलेलाच नाही. तिथे ० भरलेला असतो. 'ट्रान्सपरन्सी' टॅबमध्ये 'ॲडिशनल नो डेटा व्हॅल्यू' या जागी ० लिहा. तो काढला नाही तर २ टक्क्यांच्या हिशेबात हे शून्यही धरले जातात आणि मिन खाली ओढला जातो.

पाण्याला भोकं पडली तर

विकत घेतलेल्या किंवा कुणी पाठवलेल्या चार बँडच्या फाइलमध्ये कधी कधी चमत्कारिक दृश्य दिसतं. जमीन फिकट आणि नद्या, तळी पूर्ण पारदर्शक. खालचा नकाशा त्यातून आरपार दिसतो. फाइल बिघडलेली नसते. टिफ फाइलमध्ये प्रत्येक बँडसोबत 'हा कोणत्या रंगाचा' अशी खूण ठेवता येते आणि चौथ्या बँडवर 'अल्फा', म्हणजे पारदर्शकतेची, खूण बसलेली असते. सॉफ्टवेअर निअर इन्फ्रारेडलाच पारदर्शकता समजतं. पाण्यात तो आकडा लहान, म्हणून पाणी गायब. 'ट्रान्सपरन्सी' टॅबमध्ये 'ट्रान्सपरन्सी बँड' च्या जागी 'नन' निवडा. पाणी परत येतं.

चॅनलमध्ये तारखाही बसतात

चॅनलला बँडच द्यावा असं नाही; कोणताही आकड्यांचा तक्ता चालतो. मला या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पंचगंगा आणि कृष्णेला महापूर आला तेव्हा वर ढग होते. अशा वेळी सेंटिनेल-१ च्या रडार प्रतिमा कामी येतात, कारण रडार स्वतःची रेडिओ लहर सोडून परत आलेला भाग मोजतं आणि त्या लहरीला ढग अडवत नाहीत. पुराआधीची प्रतिमा लालला द्या आणि पुरातली प्रतिमा हिरव्या आणि निळ्या या दोन्हींना. शांत, उघडं पाणी रडारची लहर दुसरीकडे परतवतं, म्हणून ते गडद. जिथे आधी जमीन होती आणि नंतर पाणी आलं, तिथे लाल उजळ आणि बाकी दोन काळे. तो सगळा भाग लाल होतो. नेहमीचं नदीपात्र दोन्ही वेळा काळंच. काही बदललं नाही ते करडं. फक्त एक सावधगिरी: वस्तीत घरांच्या भिंती लहर परत पाठवतात, तिथलं पाणी या पद्धतीत नीट पकडलं जात नाही.

दुसरा प्रयोग उजनीच्या लाभक्षेत्रासाठी. ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल अशा तीन तारखांचा एनडीव्हीआय (निअर इन्फ्रारेड वजा लाल, भागिले त्या दोघांची बेरीज; हिरवळ दाट तितका हा आकडा मोठा) काढा आणि अनुक्रमे लाल, हिरवा, निळा चॅनल द्या. फक्त खरिपाचं रान लाल दिसेल. जानेवारीत उभी असलेली रब्बीची ज्वारी हिरवी. तिन्ही वेळा हिरवा असलेला ऊस पांढुरका. मध्येच तोडणी झालेला ऊस मात्र पांढरा राहणार नाही. ज्या महिन्यात रान मोकळं होतं, त्या महिन्याचा रंग त्याच्यातून वजा होईल. म्हणून पांढरा नाही म्हणजे ऊस नाही, असा निष्कर्ष काढू नका. तोडणीच्या काळात आणखी एक-दोन तारखा बघाव्या लागतात.

एनडीव्हीआय काढताना ते १००० विसरू नका. समजा निअर इन्फ्रारेड ४५०० आणि लाल १५०० आहे. तसंच सूत्रात घातलं तर ३००० भागिले ६०००, म्हणजे ०.५०. आधी १००० वजा केले तर ३५०० आणि ५००. ३००० भागिले ४०००, म्हणजे ०.७५. पहिला आकडा मध्यम पीक सांगतो, दुसरा जोमदार. शेत तेच आहे. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये प्रत्येक बँडमधून १००० वजा करूनच सूत्र लिहा.

जतन करणं आणि नकाशावर लिहिणं

मनासारखी मांडणी जमली की 'सिम्बॉलॉजी' खिडकीतल्या 'स्टाइल' बटणातून क्यूएमएल फाइल जतन करा. पुढच्या तारखेच्या प्रतिमेवर तीच उघडली की बँड आणि मिन-मॅक्स दोन्ही जसेच्या तसे लागतात. फक्त नव्या फाइलमधला बँडचा क्रम तोच आहे ना, ते पायरी ३ प्रमाणे पाण्यावर आणि उसावर क्लिक करून बघा.

'एक्स्पोर्ट' करताना 'रॉ डेटा' आणि 'रेंडर्ड इमेज' असे दोन पर्याय येतात. 'रॉ डेटा' मूळ आकडे देतो. पुढे मोजणी करायची असेल तर हाच. 'रेंडर्ड इमेज' पडद्यावर दिसणारे रंग कायमचे भाजून देतो. अहवालात चिकटवायला ठीक, पण त्यावरून एनडीव्हीआय काढता येत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पुष्कळशा 'सॅटेलाइट इमेज' याच प्रकारच्या असतात, हे कुणी त्यावर मोजणी करायला बसण्याआधी सांगायला हवं.

नकाशा छापायचा असेल तर कोपऱ्यात चार गोष्टी लिहा: उपग्रह आणि तारीख, कोणत्या चॅनलला कोणता बँड, मिन आणि मॅक्स, आणि त्या मांडणीत कोणता रंग म्हणजे काय. उदाहरणार्थ: 'सेंटिनेल-२, एप्रिल; लाल = बी-८ (१०००–६०००), हिरवा = बी-४, निळा = बी-३ (१०००–४०००); लाल भाग म्हणजे हिरवी पिकं व जलपर्णी, काळा भाग म्हणजे खोल पाणी.' तारखेत दिवसही घाला, कारण एप्रिलच्या पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात उजनीचा काठ एकाच जागी नसतो.